भाड्याची पेटी

"कमलवहिनी, रागावू नका हं, पण फ्रिज कुणाला सांगितलाय का?"

शुक्रवारची, सुट्टीची सकाळ होती. मी पोह्यांची फोडणी टाकत होते आणि दारात हेमा उभी, आमच्याच बिल्डिंगमधली, चौथ्या मजल्यावरची. तिच्या हातात कपडे मोजायची टेप होती. मी 'ये' म्हणायच्या आत ती आत आली, सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि आमच्या फ्रिजची रुंदी मोजायला लागली.

"अगं, काय चाललंय काय तुझं?"

"आमच्या ओट्याशेजारी बसतोय का बघते. सोफा मला नको, सोफा मरियमबी घेणार म्हणालीय."

मरियमबी म्हणजे तळमजल्यावर ब्लाउज शिवते ती. तिने माझ्या सोफ्यावर नजर ठेवली होती हे मला आज कळत होतं. मोहरी करपली, घरभर धूर झाला, तरी मी आपली उलथणं धरून उभी.

"माझा सोफा मरियमबीला दिला कुणी?"

हेमाने टेप गुंडाळली. तिचे डोळे चक्क भरून आले. "वहिनी, आता लपवून काय उपयोग? इतकी वर्षं तुमच्याकडची चहापावडर आमच्याकडे नि आमची साखर तुमच्याकडे. तुम्ही कायमचे निघालात, आणि ते आम्हांला बाहेरून कळावं? आमच्या ह्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. अंबादासभाऊ केबलची पेटी परत करत होते."

आता दुबईत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांना सांगते. तिथल्या करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगमधून माणूस कायमचा गावी निघाला की त्याचा एक क्रम ठरलेला. आधी सोफा जातो. मग पलंग, मग मिक्सर. शेवटचे काही दिवस घरात नुसत्या गाद्या आणि टीव्ही. आणि अगदी शेवटी, व्हिसा कॅन्सल झाला की, भाड्याने घेतलेली केबलची पेटी काउंटरवर नेऊन द्यायची, डिपॉझिट घ्यायचं, खलास. त्या रात्री ते कुटुंब शेजाऱ्यांकडे जेवायला आणि मालिका बघायला येतं. मी स्वतः अशा कितीतरी जणांना वरणभात वाढलाय. पेटी गेली म्हणजे माणूस गेलाच. कुणी विचारतसुद्धा नाही.

आणि आमच्या ह्यांनी पेटी परत केली होती, ती राहायचं म्हणून!

त्याचं असं झालं. आमचे हे, अंबादास, जबल अली बंदरातल्या एका गोदामात कागदपत्रं सांभाळायचे. कुठला कंटेनर आला, कुठला अडकला, कुणाचा शिक्का राहिला, सगळं ह्यांच्या डोक्यात. कंपनीचे मालक भिकाजीशेठ, त्यांनी ह्यांना गडहिंग्लजहून आणलं तेव्हा ह्यांचे केस काळेभोर होते. माणूस सरळ, पण बोलणं म्हणजे पगारातून कापून घेतल्यासारखं. संध्याकाळी टीव्हीवर अजान व्हायची, त्याच सुमारास कंपनीची बस कोपऱ्यावर थांबायची. हिवाळ्यात अजान आधी, उन्हाळ्यात बस आधी. अजान ऐकली की मी चहा टाकायचे. हे दारात आले की म्हणायचे, "आज बस वेळेत आली," नाहीतर, "आज बस उशिरा आली." मी म्हणायचे, "हातपाय धुवा." झालं आमचं संभाषण.

तर असल्या माणसाने एके दिवशी देऱ्याच्या बाजारातून एक काळा चपटा डबा आणला. पोटात हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डर. गच्चीवर बिल्डिंगची डिश होतीच, तिची वायर ओढून घेतली.

"केवढ्याला?" मी विचारलं.

"अकराशे दिरहम."

"म्हणजे तेरा हजार रुपये! टीव्ही बघायला?"

"बघायला नाही, ठेवायला. बस चुकली तरी बातम्या चुकणार नाहीत. तुझा पिक्चर मध्ये थांबवून पोळ्या करून ये, तिथूनच पुढे सुरू." मग जरा थांबून म्हणाले, "कमल, घर भाड्याचं, पेटी भाड्याची, व्हिसा तीन-तीन वर्षांचा. म्हटलं, एक तरी वस्तू आपली असू दे. शर्वाणीची डिग्री होईपर्यंत दोन वर्षं आहोतच ना."

शर्वाणी आमची एकुलती एक. जन्म तिथलाच, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिची डिग्री होईपर्यंत ह्यांची नोकरी टिकली पाहिजे, एवढं एकच मागणं मी देव्हाऱ्यापुढे रोज मागायचे. आणि हे म्हणाले 'आहोतच ना', तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तेरा हजारांवरून भांडायचं राहूनच गेलं.

जुनी भाड्याची पेटी आता लागणार नव्हती, ती ह्यांनी ओल्या फडक्याने पुसली. तिच्या फटींतली धूळ काडीने काढली. मूळचा पुठ्ठ्याचा खोका कपाटावर जपून ठेवलेला होता, त्यात वायर गुंडाळून ठेवली आणि इस्त्रीचा शर्ट घालून परत करून आले. त्याच रांगेत हेमाचा नवरा विष्णू बिल भरायला उभा होता. तो ह्यांच्याच ऑफिसात आहे. त्याने लांबून बघितलं, मनात म्हणाला, अंबादासभाऊ स्वतःहून सांगत नाहीत तर आपण कशाला विचारा.

हे सगळं मी हेमाला तिथेच सांगितलं. हाताला धरून बाहेरच्या खोलीत नेलं आणि रेकॉर्डर दाखवला. ती आधी त्या डब्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. आणि मग तिचा चेहरा असा काही उतरला की मलाच भीती वाटली.

"अगबाई! वहिनी, पण आमच्या ह्यांनी तर गुरुवारी ऑफिसात सांगितलं."

"कुणाला?"

"रणजितशेठना."

रणजित म्हणजे भिकाजीशेठचा मुलगा. शेठ वारल्यावर अमेरिकेतून शिकून आला आणि कंपनी बघायला लागला. लहानपणी हा मुलगा माझ्या हातचा शिरा वाटीभर खाऊन वर वाटी चाटायचा. मी मनाला समजावलं, आपलाच पोरगा आहे, एका शब्दात मिटेल.

हे भाजी घेऊन आले तेव्हा मी सगळं सांगितलं. हे चक्क हसले. मोठ्याने हसले! "हा विष्णू म्हणजे ना! उद्या जाऊन सांगतो रणजितला. तू आधी फ्रिजला कुलूप लाव." पोहे करपलेलेच होते, ते आम्ही हसत हसत खाल्ले.

शनिवारी दुपारी बारालाच बेल वाजली.

हे दारात उभे. हातात मिठाईच्या दुकानातला असतो तसा पांढरा खोका. खाली रणजितची मोठी गाडी वळत होती, ती मी खिडकीतून बघितली.

"सांगितलंत ना त्याला?"

"आधी पाणी दे."

पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं आणि बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

"मी केबिनमध्ये गेलो. म्हटलं, रणजित, एक गैरसमज झालाय. पुढचं बोलायच्या आत तो उठून आला नि मला मिठी मारली. म्हणाला, काका, थँक यू. तुम्ही माझी केवढी मोठी अडचण सोडवलीत तुम्हांला कल्पना नाही."

"कसली अडचण?"

"नवीन सिस्टिम येतेय. कागदच राहणार नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर. माझी पोस्टच जाणार आहे. दोन महिने तो विचार करत होता मला कसं सांगायचं. बाबांच्या वेळचे काका, तोंड उघडवत नव्हतं, म्हणाला. रडला गं तो."

"तो रडला?"

"हो. मीच त्याची पाठ थोपटली."

हे खोक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मग मीटिंग रूममध्ये नेलं. सगळा स्टाफ उभा होता. विष्णू कोपऱ्यात. गोदामातला हमदुल्ला फोर्कलिफ्ट सोडून आला होता. टेबलावर केक, वर माझं नाव."

"आणि तुम्ही तो कापलात?"

"सगळे टाळ्या वाजवत होते, कमल."

"म्हणून कापलात? नोकरी जातेय आणि माणूस केक कापतो? तोंड नव्हतं का तुम्हांला? थांबा, मीच फोन करते त्याला. विचारते, शिरा गोड लागला होता ना रे तुला?"

मी फोन उचलला, नंबरही फिरवायला लागले. ह्यांनी येऊन फोनवर हात ठेवला.

"नको. आत्ता मी नोकरी सोडलीय. तू फोन केलास तर त्यांनी मला काढलं असं होईल."

मी फोन खाली ठेवला. काय करणार? ह्यांचं तोंड बघवत नव्हतं.

शर्वाणी कॉलेजातून आली, केक बघून खूश झाली, "हूज बर्थडे?" म्हणाली. तिला सांगितलं तर आधी विश्वासच बसेना. "बट बाबा, वी जस्ट बॉट द बॉक्स!" म्हणाली आणि लहानपणी रडायची तशी ओठ काढून रडायला लागली. जन्म दुबईतला, मित्रमैत्रिणी दुबईतल्या, तिला गाव म्हणजे मे महिन्यातली सुट्टी. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू इथेच शिकायचंस. हॉस्टेलवर राहा. तुझी डिग्री थांबणार नाही." तेवढा शब्द ह्यांनी पाळला. कॉलेजने तिचा व्हिसा केला, आणि तिच्या फीसाठी गावी बांधायच्या घराचा वरचा मजला आम्ही मनातून काढून टाकला.

मग तो क्रम सुरू झाला. सोफा मरियमबीने नेला. पलंग गेला, मिक्सर गेला. मराठी मंडळाच्या बायकांनी येऊन माझी ओटी भरली. प्रत्येकजणी म्हणायची, "नशीबवान आहात वहिनी, योग्य वेळी स्वतःहून निघताय." मी हसून मान हलवायचे. हेमा मात्र फ्रिज घ्यायला तयार होईना. "माझ्याच्याने नाही होणार वहिनी," म्हणाली.

"घे गं बाई," मी म्हटलं. "माप घेतलंयस ना?"

बोलायला नको होतं, पण बोलून गेले. ती माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. तिची काय चूक? आणि विष्णूची तरी काय? तरी मला अजून राहून राहून वाटतं, ह्यांनी ती पेटी परत केलीच नसती, तर रणजितला तोंड उघडायचा धीर झाला असता का? दोन महिने नव्हता झाला. दोन वर्षंही झाला नसता कदाचित. एक भाड्याची पेटी आमच्या टीव्हीखाली तशीच पडून राहिली असती, तर काय बिघडत होतं?

नवा रेकॉर्डर कुणी मागितला नाही आणि ह्यांनी तो विकायला काढलाही नाही. निघायच्या दिवसापर्यंत त्यावर काहीबाही भरत होते. बातम्या, मॅचेस, दुबईच्या चॅनेलवरचे हिंदी पिक्चर. मग टॉवेलात गुंडाळून हातातल्या बॅगेत घेतला. विमानतळावर विष्णू आमच्या बॅगा उचलत होता. ही एक बॅग मात्र ह्यांनी त्याला धरू दिली नाही.

गडहिंग्लजला आल्यावर मेकॅनिक बघून गेला. म्हणाला, "काका, हितं ह्यो चालायचा न्हाई. हितली डिश येगळी, कार्ड येगळं." हे नुसते "बरं" म्हणाले. पण रेकॉर्डरच्या आत भरलेलं होतं ते टीव्हीवर दिसत होतं.

परवाची गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. शर्वाणीचा फोन येऊन गेला होता, परीक्षा चांगली चालली होती. हे खुर्चीत, मी लसूण सोलत, टीव्हीवर त्यातलाच एक पिक्चर लावलेला. नायिका जिना उतरत होती, आणि मध्येच चित्र थांबलं. पडद्यावर मशिदीचा मिनार आला आणि अजान सुरू झाली, संध्याकाळची. दुबईत रोज यायची तशी, पिक्चर तोडून.

दोघांपैकी कुणीच रिमोट उचलला नाही.

मी कधी उठले, कधी गॅस पेटवला, मला कळलंच नाही. चहात आलं किसून टाकताना लक्षात आलं, अगं बाई, सकाळचे अकरा वाजलेत, आत्ताच तर चहा झालाय. मी तशीच दारात येऊन उभी राहिले. हे माझ्याकडे बघत होते.

"आज बस वेळेत आली," हे म्हणाले.

मला खूप काही बोलायचं होतं. रणजितला शिव्या द्यायच्या होत्या, ह्यांना जवळ घ्यायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच.

"हातपाय धुवा."

आणि हे खरंच उठले, मोरीत गेले. चहा उकळून उकळून काळा झाला, तरी आतून नळाचा आवाज येतच होता.