सासऱ्यांच्या तळपायाची तपासणी

रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची नोकरी मिळाली असती, तर सासऱ्यांचा फायदा उघड होता: स्वतःची खुर्ची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि मुलगा-सून लावतील ती मालिका मुकाट बघण्यातून सुटका. गोदामाच्या मालकाची अट एकच. रात्रभर फिरायचं काम, तेव्हा पाय धड असल्याचा दाखला हवा. पायांच्या दवाखान्यात तर खुद्द सूनच पाय तपासून दाखले द्यायला! म्हणजे घरचाच मामला, असं धरून सासरे नवे मोजे चढवून तिच्यासमोरच्या उंच खुर्चीत जाऊन बसले.

"घट्टा तेवढा खरवड आणि सही ठोक," ते म्हणाले. "दुखत तर मुळीच नाही."

"मुळीच नाही?" सुनेचा हात थांबला. अंगठ्याखाली बटणाएवढा घट्टा होता, मधोमध काळपट. "बाबा, एवढ्या घट्ट्यावर पाय टेकताना माणूस कळवळतो."

"तुमच्या पिढीतला कळवळत असेल."

"शुगरच्या गोळ्या घेता ना?"

"आठवतील तेव्हा."

तिने नायलॉनचा जाडसर दोरा उचलला. "डोळे मिटा. तळव्याला टेकला की 'लागलं' म्हणा."

पहिल्यांदा सासऱ्यांना काहीच कळलं नाही. पण गडी मुरलेला. सून पुढे वाकली की तिचं स्टूल कुरकुरतं, हे त्यांनी हेरलं. स्टूल कुरकुरलं की "लागलं!" पुन्हा कुरकुरलं, "लागलं!" गाडी छान रुळावर आली.

"लागलं!"

"आता उघडा डोळे."

दोरा ट्रेमध्ये पडला होता. सुनेचे दोन्ही हात मांडीवर.

"अगं, घरच्या माणसाला असं फसवतात का?"

"आणि तुम्ही कुणाला फसवत होतात?"

तिने घट्टा अलगद तासला. खालून ओली जखम निघाली. आता मात्र त्यांनी वाकून पाहिलं, आणि आवाज उतरला.

"एवढं झालंय, तरी मला कसं गं कळलं नाही?"

"तोच तर आजार. शुगरने पाय बधिर झालाय. चालत राहिलात तर अंगठा जाईल. ह्यांना गाडी घेऊन बोलावते, आत्ताच मोठ्या इस्पितळात डॉक्टरांकडे जायचं."

"मग सही?"

"सही नाही, बाबा."

गोदामाला दुसरा माणूस मिळाला. अंगठा वाचला, तो सासऱ्यांच्या खात्यात जमा. मुलाची सगळी रजा दवाखान्याच्या बाकावर संपली. पट्टी रोज सुनेने बदलली, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकापुढे "हिनेच माझी नोकरी घालवली" हेही तिनेच ऐकून घेतलं.