चाळीस इंच आणि एक सूत

अभ्याशी माझं वैर कधी सुरू झालं ते मी मिनिटासकट सांगू शकते. रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, मी चार-शून्य हरले तेव्हा.

गारखेड्यातला आमचा पूल खेळायचा क्लब एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात आहे. मी दहावीत, अभय बारावीत. हरायचं मला काही वाटत नाही, पण तो मला खेळूच देत नव्हता. स्वतःचा बॉल घालायचा सोडून तो दरवेळी पांढरा बॉल आपल्या बॉलांच्या मागं नेऊन लपवायचा आणि भिंतीला टेकून माझं तोंड बघत बसायचा. पांढरा आधी माझ्याच बॉलला लागायला हवा, आणि माझा बॉल पलीकडं, मधे त्याचा पहारेकरी. मारू काय? मी कडेला आपटून फिरवून मारायचे, चुकायचे, की पांढरा त्याच्या हातात, हवा तिथं ठेवून मारायला.

चौथा गेम संपल्यावर तो म्हणाला, "सुके, उडी मारता येत नसंल तर माणसानं कुंपणाच्या अलीकडंच खेळावं."

सगळा क्लब हसला. क्लबचे मालक राजेंद्रकाकासुद्धा हसले, आणि त्यांचं हसू मला जास्त लागलं.

त्याचं खरं होतं, हाच तर राग. पांढऱ्या बॉलला वरून तिरका टोला दिला की तो कापडाखालच्या दगडावर आपटून उसळतो आणि मधल्या बॉलच्या डोक्यावरून पलीकडं जातो. याला जंप म्हणतात. मला येत नव्हती. आणि महिन्याभरानं आमची परत मॅच होती. पुण्याच्या ज्युनिअर स्पर्धेला क्लबातून एकच नाव जाणार होतं. ज्युनिअर आम्ही पाच जण. तिघांना मी धुतलं होतं. राहिला हा.

पुढच्याच आठवड्यात हा पठ्ठ्या खास जंपची स्टिक घेऊन आला. काळीभोर, चांदीचे पट्टे, वेगळी पिशवी. मी नुसतं वाकून बघितलं तर म्हणाला, "लांबून. हात लावू नको."

"मला नकोच आहे."

"बेचाळीस इंच आहे. चाळीसच्या आतली असली की नियमात बसत नाय, माहितीये का? का तेबी माहिती नाय?"

मग सगळ्यांसमोर त्यानं टेप काढून बुटकी मोजली. बुटकी म्हणजे आमच्या क्लबातली आखूड स्टिक. तीन नंबरचं टेबल भिंतीला इतकं चिकटलंय की तिकडून मारताना मोठी स्टिक मागं आपटते, म्हणून काकांनी एक जुनी स्टिक मागून करवतीनं कापली आणि कापलेल्या बुडाला सायकलची ट्यूब गुंडाळली. ती खिळ्याला लटकलेली असते. अडलं तरच कुणी तिला हात लावतं.

"साडेएकोणचाळीस," अभ्या ओरडला. "सुकी अन् बुटकी, दोघी मापात बसत नाय!"

माझी उंची कमी आहे, हे मला आरशानं आधीच सांगितलेलं आहे. पण मी त्या दिवशी दोन गोष्टी फुकटात शिकले. नियम चाळीसचा आहे आणि बुटकी अर्धा इंच कमी आहे. स्वतःचा शहाणपणा दाखवायची ज्याला घाई असते तो आपली शिकवणी फुकट घेतो.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी निराला बाजारात एका दुकानात गेले. जंपची स्टिक दाखवा म्हटलं. दुकानदारानं माझ्या दप्तराकडं बघितलं आणि एक गुलाबी स्टिक काढली.

"मुलींसाठी ही घ्या. हलकी आहे."

मी उचलली. कसली हलकी! बुडाला शिसं भरल्यासारखी. टोकाला नख लावलं तर नख रुतलं.

"काका, टोक कशाचंय?"

"टोक? टोकासारखं टोक आहे."

"चामड्याचं आहे हे. मऊ. जंपला टोक कडक लागतं, काठी हलकी लागते. मऊ टोक पांढऱ्यावर रेंगाळत बसतं, मग तो उसळणार कसा? ही तुमची मोठीच स्टिक आहे, आखूड करून रंगवलेली."

"घ्यायची नसेल तर ठेव खाली. एवढं येतंय तर स्वतःच बनव जा."

तो टोमणा होता, पण मला तो सल्ला वाटला. बसस्टॉपवर येईपर्यंत माझ्या डोक्यात बुटकीच नाचत होती. मागचा जड भाग करवतीनं गेलेला. आखूड. काडीसारखी हलकी. तिला फक्त टोक नव्हतं, झिजून सपाट झालं होतं. आणि अर्धा इंच नव्हता.

काकांना विचारलं, टोक बदलून आणू का? ते म्हणाले, "ने बाई. तिचं आणखी काय वाटोळं होणारंय? दोन दिवसांत आण, तीन नंबरला लागती."

माझे पप्पा शेंद्र्याला एका कारखान्यात लेथवर आहेत. त्यांनी बुटकी डोळ्याजवळ धरली, एक डोळा मिटला आणि पहिलं वाक्य बोलले, "कुणी कापली ही? हात मोडले व्हते का त्याचे?"

"पप्पा, टोक कडक पाहिजे. आणि लांबी चाळीसच्या वर पाहिजे."

"बेकेलाइट लाव. जुन्या स्विचचं काळं बटन असतंय ना, तसलं. आमच्याकडं तुकडे पडलेले असतेत, साहेबाला इचारून आणतो." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "किती वर पाहिजे?"

"वर म्हणजे वर."

"वर म्हणजे किती? लेथला 'वर' कळत नाय."

शेवटी चाळीस इंच आणि दोन सूत ठरलं. आठ सुतांचा एक इंच. पप्पांच्या तोंडात मिलिमीटर कधी येत नाही, त्यांचं जग सुतावर चालतं. दुसऱ्या दिवशी बुटकीच्या नाकावर काळी टोपी बसली होती. फरशीवर टोक आपटलं तर टक्क वाजलं. पप्पा म्हणाले, "हरलीस तर माझं नाव सांगू नको." हे त्यांचं प्रेम.

पुढचे तीन आठवडे मी तीन नंबरवर उड्या मारल्या. जंपचा सराव करायची परवानगी फक्त तिथंच, कारण तिथलं कापड तसंही बदलायचं होतं. पहिल्या दिवशी पांढरा बॉल काकांच्या चहात गेला. पाचव्या दिवशी कळलं की मी ढकलत होते; ढकलायचं नाही, मनगटानं टोला देऊन काठी सोडून द्यायची. आठव्या दिवशी पांढरा पहिल्यांदा एका बॉलवरून टुणकन गेला आणि मी एवढ्या जोरात ओरडले की वरच्या झेरॉक्सवाल्यानं खाली डोकावून बघितलं.

अभ्या रोज बघायचा. बोलायचा काही नाही, नुसता हसायचा. ते हसू मला कळत नव्हतं.

मॅचच्या आदल्या दिवशी टोपीची कड थोडी उडाली. मी पॉलिश पेपरनं ती घासून सारखी केली. परत मोजायचं सुचलं नाही. मूर्ख!

रविवारी एक नंबरच्या टेबलावर तीन-तीन झाले. शेवटच्या गेममध्ये माझा फक्त काळा बॉल राहिला, तो घातला की मी जिंकले; त्याचा काळ्याआधी अजून एक पट्टेवाला. आणि त्यानं तेच केलं. पांढरा हळूच ढकलला, पट्टेवाल्याच्या मागं लपवला आणि भिंतीला टेकला.

मी खिळ्यावरून बुटकी काढली.

"थांबा," अभ्या म्हणाला. आता मला ते हसू कळलं. महिनाभर तो याच मिनिटासाठी गप्प होता. "काका, माप घ्या. बुटकी साडेएकोणचाळीस आहे, सगळ्यांसमोर मोजलीये. बेकायदा स्टिक. गेम माझा."

"टोक नवीन आहे," मी म्हणाले.

"मग मोजू दे ना. घाबरती कशाला?"

मी घाबरलेच होते. दोन सुतांतलं मी पॉलिश पेपरनं किती उडवलं, देवाला माहीत. काकांनी टेप आणली, अभ्याच्या मित्रानं बूड धरलं. मी बघितलं तर ट्यूब ढिली होऊन बुडाबाहेर लोंबत होती.

"ट्यूब मोजायची नाय," अभ्या.

"नकोच मोजू," मी म्हणाले आणि स्वतः ती ओढून काढली. "लाकडापासून टोकापर्यंत. मोजा."

काका वाकले. चष्मा वर केला. परत वाकले.

"चाळीस," ते म्हणाले, "आणि एक सूत."

"नीट बघा काका!"

"तू बघ की. डोळे आहेत ना?"

त्यानं बघितलं. दोनदा. मग मागं सरकला आणि म्हणाला, "मार. तसंबी येणारंय का तुला."

मी काठी उभी तिरकी धरली, भाला धरतात तशी. काका कापडाकडं बघून डोळे मिटून उभे राहिले. टक्क! पांढरा पट्टेवाल्यावरून गेला, खाली पडला, परत एकदा उसळला आणि काळ्याला लागला. काळा कोपऱ्यातल्या भोकाच्या तोंडाशी दोन्हीकडं आपटला आणि आत गेला. पांढरा मधल्या भोकाकडं निघाला होता. तो आत गेला तर मी हरले. तो निघाला, निघाला आणि कडेवर येऊन थांबला.

मी ओरडले नाही. कशी काय, मलाच माहीत नाही.

अभ्यानं हात पुढं केला नाही. मीही केला नाही. तो पिशवीची चेन लावत म्हणाला, "नशीब आहे नुसतं."

"एका सुताचं," मी म्हणाले. "बाकीचं तीन नंबरवर केलंय."

तो गेला. काका आधी कापडावरून हात फिरवून आले, फाटलं नाही ते बघून मग माझ्याकडं आले.

"पुण्याला ही घेऊन जाणार? करवतीनं कापलेली? क्लबचं नाव आहे पोरी. अभयला सांगतो, त्याची चांगली स्टिक देईल तुला चार दिवस. लोक काय म्हणतील तिथं?"

मी बुटकी काखेत मारली. तेवढ्यात तीन नंबरवरून कुणीतरी हाक मारली, "काका, बुटकी कुठंय? भिंत लागतीय!"

"दुसरी कापा," मी म्हणाले. "आणि या वेळी मोजून."