भाक आणि भाकीत

पोळ्याच्या सकाळी सव्वासातला कौशल्याबाई वामनरावांच्या ओट्यावर येऊन बसल्या. "सागर आला नाही," एवढंच म्हणाल्या.

वामनरावांनी चहाची बशी खाली ठेवली. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडायचा, भोवती धान्य ठेवायचं आणि दुसऱ्या पहाटे कोणता दाणा कुठे सरकला ते पाहून गावाला वर्षाचं भाकीत सांगायचं, हे काम त्यांच्या घरात आजोबांपासून होतं. यंदा तूर साधारण, कपाशी बरी, असं सांगून ते उठत होते, तेवढ्यात कौशल्याबाईंनी गर्दीतून विचारलं होतं, "अन् आमचा सागर?" बापाशी भांडून पोरगा गेला त्याला दोन वर्षं झाली होती. घटात माणसाचा दाणा नसतो. पण बाईचं तोंड पाहून वामनराव बोलून गेले होते, "पोळ्याले येईन तो. भाक देतो."

"भाकीत होतं ते, बाई," वामनराव आता म्हणाले. "कधी हुकते. मागच्या साली म्या पाऊस चांगला सांगतला, तं मूग करपले. कोनी मले धरलं का?"

"पावसाचं भाकीत केलं तुमी. मले भाक देली. साऱ्या गावानं आयकलं."

समोरच्या ओट्यावर दाढी करत बसलेला दयाराम हसला. "सापडले मामा! खामगावात तेलाच्या मिलवर हाय म्हन्ते तो. जा, आना आता."

वामनरावांच्या तोंडात जन्मभर बसलेल्या 'भाकीत' या शब्दाचं त्या दिवशी शेपूट तेवढं गळालं होतं. भाकीत चुकलं की लोक आभाळाकडे पाहतात. भाक म्हणजे वचन; ते दिलं की देणाऱ्याकडे.

त्यांनी टोपी घातली.

"येईन ना तो?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही," वामनराव म्हणाले. असं ते पहिल्यांदाच म्हणत होते.

दुपारी मिलच्या फाटकावर सागर हात पुसत बाहेर आला.

"बापानं धाडलं का?"

"नाही बे. म्या भाक देली होती तुह्या मायले. तू पोळ्याले येशीन म्हनून."

"मले इचारून देली होती?"

वामनरावांनी टोपी काढून हातात घेतली. मग सागरने विचारलं, "बैल कोनं सजवले?"

"तुह्या बापानं. एकट्यानं."

सागर आत गेला. सुट्टी मागायला की कामावर, ते त्याने सांगितलं नाही. गावाकडची शेवटची गाडी साडेपाचची होती. पाच वाजले तरी वामनराव फाटकावरच त्याची वाट पाहत उभे होते.