वर पाठवलेली वजनं

सोमवारी मी अंगणवाडीतल्या एकोणीस मुलांची वजनं फोनवरून तालुक्याला पाठवली आणि एकोणीसही मुलं छताला जाऊन लागली. मदतनीस गोदाबाई तेव्हा खिचडी ढवळत होती. तिने वर पाहिलं.

"ताटं कुठं मांडू?" ती म्हणाली.

मुलं रडली नाहीत. आम्ही जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून प्रत्येकाच्या पायाला दोरी बांधली. इतर मुलं पत्र्याला नुसती टेकली होती, मैना मात्र पत्रा उचकटत होती. चूक माझी. तिचं वजन दहा किलो भरलं होतं. कमी वजनाचं मूल फोनवर लाल दिसतं. आमच्या पर्यवेक्षिका शेलूकर मॅडम म्हणाल्या, "लाल नको, तेरा टाका." मी तेरा टाकले. तिच्या अंगात नसलेले तीन किलोही वर गेले.

मंगळवारी तालुक्याला नव्या बालशिक्षण धोरणाचं प्रशिक्षण होतं. वजनं तिथेच मागू, म्हटलं. व्यासपीठावर पोती रचली होती, प्रत्येकावर गावाचं नाव. आमच्या गावाच्या पोत्यावर प्रशिक्षण देणारे सर बसले होते. तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा, मूल केंद्रस्थानी, असं त्यांनी सांगितलं. मी ते वहीत उतरवून घेतलं.

"सर, जरा उठता का? ते पोतं आमचं आहे. मुलं छताला लागलीत."

"प्रश्न शेवटी, ताई."

शेवटी चहा होता. मी कप घेतला नाही.

"सर, एक पोर पत्रा उचकटतंय."

"तुमच्या केंद्राची नोंद पूर्ण आहे ना?"

"आहे."

"मग अडचण काय?" त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "तुमचं स्वतःचं वजन आलेलं नाही. शिक्षिकाही धोरणात येते."

माझं डोकं सणकलं. बावीस वर्षं या लोकांनी मागितला तो आकडा मी दिला होता. त्यांचा राग आला, त्याहून जास्त माझा आला. मी पोतं कान धरून ओढलं. दोनशे एकतीस किलो, वर सर. ते बोटभरही हललं नाही. सरांनी चहात बिस्किट बुडवलं.

बुधवारी सकाळी अंगणवाडी उघडली तर गोदाबाई छताला होती, हातात पळी. मंगळवारी मॅडम येऊन तिचं वजन घेऊन गेल्या होत्या. मैनाच्या पत्र्याचे तीन खिळे खाली पडले होते. एकच उरला होता.

"बाई, खिचडी," मैना म्हणाली.

मी सगळ्या दोऱ्या कमरेला गुंडाळल्या, मैनाची मनगटाला. माझं वजन एकसष्ट किलो. अंगणवाडीत आता तेवढंच उरलं होतं.

दारात शेलूकर मॅडम आल्या. त्यांनी काखेतला वजनकाटा फरशीवर ठेवला आणि पदराने पुसला.

"चला ताई, तुमचं तेवढं राहिलंय."

"देणार नाही."

"वरून आलंय."

"मैना जाईल, मॅडम. तेरा तुम्ही टाकायला लावलेत."

"सही तुमची आहे."

त्या काटा पायाने पुढे सरकवत आल्या. मी मागे सरकत गेले, पाठीला भिंत लागेपर्यंत. शेवटचा खिळा माझ्या पायाशी पडला. मैनाची दोरी मनगटात रुतली. मॅडमनी वाकून काट्याचं बटण दाबलं, आणि त्यावर शून्य उमटलं.