तिप्पट पगाराचं घर

“हात वर कर. टाचा उचलू नकोस.”

तिनं हात उंचावला. त्यानं तिच्या बोटांपाशी भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली आणि टेप गुंडाळला. फळी इथे बसणार होती.

“जुन्या घरात आठ वर्षं स्टुलावर चढून डबे काढले मी,” ती म्हणाली.

“तेव्हा बोलायचं ना.”

“बोलले होते.”

तो सुतार. ती बेकरीत केक सजवायची. घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं, तरी दोघं एकाच घरात राहत होती, कारण या शहरात घरमालकांना भाड्याच्या तिप्पट पगार दाखवावा लागतो आणि एकट्याचा कुणाचाच तेवढा नव्हता. कोर्टानं मोकळं केलं, भाड्यानं बांधून ठेवलं. दोघं मधे पडदा लावून झोपायची, दूध कुणी संपवलं यावरून भांडायची. आज सकाळी मात्र तिला बेकरीची मुख्य केलं. कागद हातात पडताच तिनं हिशेब केला. या खोलीच्या भाड्याच्या बरोब्बर तिप्पट. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

खोली होती एवढीशी. दार पूर्ण उघडलं की खाटेला लागणार. पण तिला ती राजवाड्याहून प्यारी वाटत होती. तिनं नळ सोडून पाहिला, खिडकी चारदा उघडझाप केली. दुपारपासून तिचं तोंड बंद नव्हतं आणि तो न कुरकुरता प्रत्येक कोपरा मापत होता.

दलाल कागद घेऊन आला. तिचा पगार पाहून खूश झाला.

“मॅडम, साहेबांचं उत्पन्न धरलं तर वरची मोठी जागाही मिळेल. गच्ची आहे. दोघांना ऐसपैस होईल.”

गच्ची म्हटल्यावर तिनं नकळत वर पाहिलं. मग त्याच्याकडे. त्यानं पेन्सिल कानामागे खोचली.

“नको. मी सुतार आहे,” तो म्हणाला. “फळ्या लावायला आलोय.”

दलाल ओशाळून हसला. तिनं सही केली, एकटीची. तिला नाचावंसं वाटत होतं. दलाल पावती आणायला गेला, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं.

“अरे, मी गेल्यावर ते घर तुला एकट्याला कुठलं परवडायला?”

“वर्कशॉपवर माळा आहे ना. झोपण्यापुरता पुरे. परवाच झाडून घेतला.”

“परवा? मला तर आज सकाळी कळलं.”

“बेकरीतल्या सगळ्या पोरी तुलाच विचारून काम करतात. मुख्यपद दुसऱ्या कुणाला देणार होते?” तो म्हणाला आणि दाराचं माप घ्यायला खाली बसला.

तिला इतका आनंद झाला होता की रडू का येतंय, हे तिला कळेना.