चंद्रीचा पिंजरा

मी एक जुना पिंजरा आहे. बारामतीजवळ जळोचीच्या बाजूला एक बाग आहे, तिच्या मागच्या भिंतीशी मी गवतात कलंडून पडलो आहे. मित्रांनो, मला पाय नाहीत, तरी चालणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या पोटात एक जीव वर्षानुवर्षं चालत होता.

महिपती मिस्त्रींनी मला घडवलं, तेव्हा बागवाल्यांना बिबट्या ठेवायचा होता. म्हणून माझे गज जाड, जोड दुहेरी आणि खाली सिमेंटचा कोबा. "हत्ती कोंडा, गज वाकायचा न्हाय," असं म्हणून मिस्त्रींनी माझ्यावर थाप मारली, तेव्हा मला फार अभिमान वाटला. बिबट्या काही आला नाही. कळस गावच्या माळावर सापडलेलं लांडग्याचं एक पिल्लू आलं.

त्याला सांभाळायला जोतीराम होता. तोही कळसचाच. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती. ती विकून घरच्यांनी ऊस लावला आणि हा बागेत कामाला लागला. त्याने पिल्लाला कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं आणि तिचं नाव चंद्री ठेवलं. फाटकाशी शेंगा विकणाऱ्या रंगूबाई त्याला डिवचत, "काय रं, हिच्याच जातीनं तुज्या बापाची मेंढरं खाल्ली, आन् तू हिला मटान भरवतुयास व्हय?"

"खाल्ली ती हिच्या मावशीनं," जोतीराम म्हणे. "ही गरीब हाय."

चंद्री मोठी झाली आणि चालू लागली. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, वळायचं, परत. वळताना तिचा खांदा एकाच गजाला घासे; तिथला रंग उडून लोखंड उघडं पडलं. लोक टाळ्या वाजवत. "पैलवान बघा, कसा घुमतोय!" बागेचे व्यवस्थापक दादासो पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "चपळ जनावर हाय, एका जागी बसत न्हाय." मला मात्र चैन पडेना. ती क्षणभर थांबली, तरी पुढचं पाऊल आता पडेल, मग पडेल, म्हणून माझे गज ताठलेले असत.

उन्हाळ्यात जोतीराम आपल्या वडिलांची घोंगडी भिजवून माझ्या पश्चिमेच्या अंगाला टांगी. चंद्रीला ऊन लागू नये, एवढंच त्याच्या मनात. पण घोंगडी टांगली की चंद्री अधिकच भिरभिरे, नाक गजांत खुपसून त्याच बाजूला येरझाऱ्या घाली. हिला उकडतंय, असं समजून तो बिचारा घोंगडीवर आणखी पाणी मारी.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात पुण्याहून माधवीबाई आल्या. लहान लहान प्राणिसंग्रहालयं पाहायची आणि कोणता प्राणी कुठे ठेवणं योग्य ते ठरवायचं, हे त्यांचं काम. त्यांनी आधी चंद्रीचे पाय पाहिले. तळवे सोलवटले होते. मग त्या लिंबाखाली बसून बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. शेवटी उठून त्यांनी घोंगडी नाकाशी धरली.

"ही कुणाची?"

"आमच्या आबांची. जलमभर मेंढरांमागं व्हती त्यांच्यासंगं."

"भिजली की मेंढरांचा वास किती येतो हिला! तो वास चंद्रीला बसू देत नसेल."

जोतीरामने घोंगडी हुंगली, पुन्हा हुंगली. "आमाला वास येतच न्हाय, बाई," तो ओशाळून म्हणाला. "त्यातच वाढलो आमी."

घोंगडी गेली, तिच्या जागी बारदान आलं. चंद्रीचं चालणं थोडं मंदावलं, पण थांबलं नाही. माधवीबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. "हिला कुणाला दिसायचं नसेल, तर जायला जागा कुठं आहे?" त्यांनी विचारलं. "हिला मोठ्या आवारात हलवायला हवं."

"बाई, दिसायलाच तर ठेवलीय," दादासो म्हणाले. "ही गेली तर लोक काय आमचा झेंडू बघाय येणार?" आणि जोतीरामकडे रोखून बघत म्हणाले, "हा सांगंल की. दुपारची निवांत झोपती. व्हय ना रं?"

माधवीबाई वही मिटून जोतीरामकडे वळल्या. "तुम्ही सांगा. निवांत झोपत असेल, तर राहू दे इथंच."

जोतीरामने माझा गज घट्ट धरला. नुसतं 'व्हय' म्हटलं असतं, तर त्याची चंद्री त्याच्याजवळ राहिली असती.

"न्हाय बाई," तो म्हणाला. "ल्हान व्हती तवा माज्या मांडीवर झोपायची. हितं पाय पसरून झोपलेली म्या बघितलीच न्हाय. न्या तिला."

चंद्री गेली. इंदापूरच्या बाजूला तारेचं मोठं आवार होतं, तिथे माती होती, बाभळी होत्या, कमरेएवढं गवत होतं. बरेच दिवस जोतीरामने माझ्याकडे पाहिलंही नाही. मग एका रविवारी तो तिकडे जाऊन आला.

"दिसली का रं?" रंगूबाईंनी विचारलं.

"न्हाय! दिसभर तारंशी हुबा व्हतो," जोतीराम म्हणाला आणि हसू लागला. "गवतात कुठं निजली व्हती कुणाला ठावं! दिसलीच न्हाय!"

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. प्राणी बघायला गेलात आणि तो फेऱ्या घालत असेल, तर टाळ्या वाजवू नका. त्याच्या पायांकडे पाहा. आणि तो आडोशाला निजला असेल, तर खडा मारून त्याला उठवू नका. थोडं थांबा. नाहीच दिसला, तर जोतीरामसारखे हसत घरी जा.