बुधवारचे कागद

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे शिंपीमास्तर पुरवणी हातात घेऊनच जिना चढून आले आणि दारातूनच म्हणाले, "कंपाउंडरबाई, आज रडवलंत हो तुम्ही. वडिलांनी कंदील खाली ठेवून तुमच्या बुटाची नाडी बांधली, तो मजकूर आमच्या मंडळींनी दोनदा वाचायला लावला मला."

"बसा, चहा टाकते," बाई म्हणाल्या.

"चहा नको. तक्रार आहे. लेखातली ती बकरी कुठे गेली तुमची? गेले कित्येक आठवडे दर्शन नाही. विकलीत की काय?"

"विकते कशाला! चरायला गेली असेल," बाई म्हणाल्या आणि हसल्या. हसू ओठांवरच राहिलं. कारण बुधवारी त्यांनी बकरीच लिहून दिली होती. कंदील नव्हे.

मास्तर उतरून गेल्यावर त्यांनी दार लावलं, चष्मा पुसला आणि पुरवणीचं तिसरं पान उघडलं. उजव्या कोपऱ्यात त्यांचं नाव, त्यांचा तो जुना पासपोर्टचा फोटो आणि खाली कंदील. एकतीस वर्षं त्यांनी दवाखान्यात औषधं दिली होती. बाटली उचलताना लेबल वाचायचं, ओतताना वाचायचं, परत ठेवताना वाचायचं. तसंच आताही त्यांनी तीनदा वाचलं. वाक्यं त्यांचीच होती. 'उजेड जमिनीवर आला की माणूस उंच दिसतो,' हे दुसरं कोण लिहिणार? कंदीलही खरा होता, नाडीही खरी होती. वडील पाणीपुरवठ्याच्या टाकीवर पहारेकरी होते आणि टाकीच्या पायथ्याशी त्यांची दोन खोल्यांची जागा होती. सगळं आठवत होतं. फक्त हे लिहिल्याचं आठवत नव्हतं.

नऊ वर्षं हा कोपरा त्या चालवत होत्या. सोमवारी विचार, मंगळवारी आखीव कागदांवर लिखाण, बुधवारी संध्याकाळी शाळा सुटली की लेक यायची. ती गणिताची शिक्षिका. कागद घेऊन जायची, घरी टाईप करायची आणि वर्तमानपत्राकडे पाठवायची. बाजारातला भाव करणारा म्हातारा, लिफ्टमध्ये अडकलेली शेजारीण, आणि मग हळूच पाठीमागच्या दाराने टाकीवरचं लहानपण. वाचकांना तेच आवडायचं. नवरा गेल्यावर तर आठवड्याला काही आकार होता तो या बुधवारामुळेच.

कंदील पहिलाच असता तर त्यांनी मनाची समजूत घातली असती. पण त्याआधी टाकीच्या पायऱ्या झाल्या होत्या. एकशे चाळीस लिहिल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं, आणि छापून आल्या शहाण्णव. तेव्हा त्या स्वतःलाच म्हणाल्या होत्या, चुकून लिहिलं असेल. माणूस आहे.

खरी भीती वेगळीच होती. ती त्यांनी कधी कागदावर उतरवली नव्हती. त्यांची आई शेवटची चार वर्षं चमचे पिठाच्या डब्यात लपवायची. सकाळी वेणी घालून देणाऱ्या पोटच्या मुलीला विचारायची, "ताई, तुम्ही कुणाच्या?" बाई तेव्हा पन्नाशीला आल्या होत्या. त्या दर वेळी उत्तर द्यायच्या, "तुमचीच," आणि आई भिडस्तपणे मान हलवायची, जसं अनोळखी घरी आपण दुसरा लाडू नको म्हणताना हलवतो.

त्या रविवारपासून बाईंनी स्वतःवर पहारा बसवला. गॅसच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावली, म्हणजे बंद आहे की चालू हे लांबून कळावं. पिठाचा डबा दिवसातून दोनदा उघडून बोटांनी ढवळायच्या. चमचे सापडायचे नाहीत. रोज सकाळी दात घासताना औषधांची नावं म्हणायच्या, शाळेतली कविता म्हणावी तशी. एकदा मध्येच एक नाव अडलं. तोंडात फेस तसाच ठेवून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. नाव आलं, तेव्हा त्यांनी यादी पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

लेकीला सांगायचा प्रश्नच नव्हता. सांगितलं की ती म्हणणार, आई, आता एकटी राहू नकोस. मग कुणीतरी बाई ठेवणार. मग लिखाण बंद. मग बुधवार नाही. आणि बुधवार नसलेला आठवडा म्हणजे काय, ते त्यांनी आईच्या खोलीत पाहिलं होतं.

फोनवर लेक विचारायची, "बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय!"

"आवाज बसलाय."

"वर्गात चाळीस पोरं ओरडतात तुझ्या, तुला सगळ्यांचेच आवाज बसलेले वाटणार."

मग एका मंगळवारी त्यांना कार्बनची आठवण झाली. दवाखान्यात चिठ्ठीची नक्कल ठेवल्याशिवाय बाटली खिडकीबाहेर जात नसे. कपाटाच्या तळाशी जुन्या पाकिटात निळे कागद होते, कडा दुमडलेले, पण अजून उमटणारे. बाईंनी दोन पानांमध्ये कार्बन घातला आणि जोर देऊन लिहिलं. सकाळच्या बसमध्ये कुणी उठून जागा दिली की आता आभार मानावे की रागवावं, हा विषय होता. त्यातून ओघाने बकरी आली, पायऱ्या आल्या आणि शेवटी दोन ओळी नवऱ्याबद्दल. बुधवारी वरचे कागद लेकीला दिले. खालचे गादीखाली ठेवले. चोरीचा माल लपवावा तसे.

रविवारी त्यांनी मास्तरांची वाटही पाहिली नाही. खिडकीपाशी भरपूर उजेडात पुरवणी डावीकडे ठेवली, निळी नक्कल उजवीकडे, आणि एकेका ओळीवर पट्टी धरून वाचायला घेतलं.

बस तीच होती. जागा देणारी मुलगी तीच. मग बकरीचा परिच्छेद अख्खा गायब. पायऱ्या एकशे चाळीसच्या शहाण्णव झालेल्या.

बाईंना एकदम हलकं वाटलं. म्हणजे मी नव्हे! माझं डोकं शाबूत आहे! त्या खुर्चीतून उठल्यासुद्धा. कुणीतरी बदलतंय, आणि मी इकडे पिठात हात घालून बसलेय वेड्यासारखी.

मग त्या पुन्हा बसल्या, कारण शेवटचा परिच्छेद राहिला होता. निळ्या नकलेत होतं, 'ह्यांना जाऊन चार वर्षं झाली.' छापलं होतं, 'सहा वर्षं.'

त्यांनी बोटांवर मोजलं. लेकीची बदली झाली ते वर्ष. समोरची इमारत उभी राहिली ते वर्ष. पुन्हा मोजलं. मग कॅलेंडर बाजूला सारून भिंतीवर पेन्सिलीने मोजलं.

सहा.

छापलेलं बरोबर होतं. चूक गादीखाली होती.

बुधवारपर्यंतचे तीन दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. मास्तर दोनदा येऊन गेले, दार उघडलं नाही. मंगळवारी कागद समोर घेतला तेव्हा पहिला शब्द लिहायला दहा वाजले, कारण प्रत्येक शब्दावर वाटायचं, हाही खोटा असला तर? तरी लिहिलं. न लिहिणं त्याहून भयंकर होतं.

लेक आली, चप्पल काढली, पिशवी खुर्चीला अडकवली. "दे आई, आज घाई आहे. पेपर तपासायचेत."

"माझे तपासतेस तसेच?"

लेक थांबली. बाईंनी पुरवणी आणि निळी नक्कल टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. लेकीने दोन्हींकडे पाहिलं आणि वर्गात कॉपी पकडल्यावर पोरं करतात तसा चेहरा केला; तो तिने आयुष्यात हजारदा पाहिला असेल.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"पाच महिने."

"आणि कंदील?"

"जुना होता. दोन वर्षांपूर्वी तू लिहिलास आणि म्हणालीस, नको, फार रडका झालाय. माझ्याकडे होता. त्या आठवड्यात..." ती अडखळली. "त्या आठवड्यात तू पुन्हा बकरी दिली होतीस."

"पुन्हा म्हणजे?"

"तेव्हा तिसऱ्यांदा. आता चार झाल्या. आई, शब्दसुद्धा तेच असतात. भिंतीवर चढते, वडील शिट्टी वाजवतात, ती उतरत नाही."

बाईंना बकरी एकदाच लिहिल्याचं आठवत होतं. पायाखालची फरशी जागेवर आहे का, हे त्यांनी पावलाने चाचपून पाहिलं.

"पायऱ्या?"

"तू नऊ वर्षं शहाण्णव लिहीत आलीस. खऱ्या किती ते मला काय माहीत? मी आपला हिशेब जुळवला. लोक हसतील तुला, असं वाटलं."

"लोक गेले खड्ड्यात. मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस."

"अगं ये इकडे," बाई म्हणाल्या आणि तिला मनगटाला धरून ओट्यापाशी घेऊन गेल्या. लाल चिकटपट्टी दाखवली. पिठाचा डबा उघडून दाखवला. "रोज दोनदा ढवळते मी हे. कशासाठी, ते तुला माहीत आहे. आजीच्या वेण्या तूही घातल्यास. न सांगून किती निर्धास्त ठेवलंस मला, बघ."

लेक डब्याकडे बघत राहिली. मग तिने झाकण लावलं, घट्ट, आणि हात तसाच झाकणावर ठेवला. "चुकलं माझं," ती म्हणाली. "लाल शाईची सवय. चूक दिसली की हात थांबत नाही. पण मी आधी घाबरले होते, आई. तुझ्याही आधी."

बाईंनी तिला पुन्हा टेबलापाशी आणलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. आज इथे बसून वाच. पेन्सिल नको. डोळ्यांनी वाच आणि चूक दिसली की तोंडाने सांग."

"आणि तुला वाईट वाटलं तर?"

"वाटेल. तू सांग."

लेक वाचायला बसली. बाई समोर बसून तिचे डोळे बघत राहिल्या. पहिलं पान सरळ गेलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर डोळे थांबले, एक ओळ मागे गेले, पुन्हा पुढे आले. बाईंनी टेबलाची कड धरली.

"काय?"

"काही नाही..."

"काय, ते सांग."

"मामा." लेकीचा आवाज बारीक झाला. "तू लिहिलंयस की मामा टाकीच्या तिसऱ्या पायरीवर बसला होता. आई, ते घर सोडल्यावर जन्मला तो. तूच सांगायचीस."

बाईंनी डोळे मिटले. तिसरी पायरी दिसत होती. धाकटा भाऊ दिसत होता, नाक वाहतंय, एका हातात बकरीचा कान धरलेला. तीन वर्षांपूर्वी गेलेला, टक्कल पडलेला भाऊ दिसायला जड जात होता. हा पोरगा मात्र हात लांब केला असता तर हाताला लागला असता. तो नव्हताच, हे कळणं त्याच्या मरणाच्या बातमीहून वाईट होतं, कारण या वेळी रडायला कुणी येणार नव्हतं.

"पुसू का?" लेकीने विचारलं.

"हात लावू नकोस."

त्यांनी कागद ओढून घेतला आणि त्या ओळीखाली लिहिलं, 'माझी लेक सांगते, माझा भाऊ तेव्हा जन्मला नव्हता. तिचंच बरोबर असणार. मला मात्र तो दिसतो.' अक्षर वाकडं आलं. त्यांनी ते दुरुस्त केलं नाही.

"हे असंच छापायचं?"

"असंच."

"लोकांना कळेल, आई."

"कळू दे. मला माझी चूक रविवारी छापलेलं वाचून कळायला नको." त्या जरा थांबल्या. "पण एक सांग. उद्या मीच तुला विचारलं, की हे कुणी घुसडलं माझ्या मजकुरात, तर?"

"सांगीन, तू लिहिलंस म्हणून."

"आणि मला पटलं नाही तर?"

 लेक पेपर तपासायला गेली नाही. पिशवीतून लॅपटॉप काढून तिने टेबलावर ठेवला, खुर्ची आईच्या बाजूला ओढली आणि पहिल्या ओळीपासून टाईप करायला घेतलं. बाई चष्मा नाकावर चढवून पडद्यावर एकेक शब्द उतरताना बघत होत्या. काही शब्दांवर त्या मान हलवत होत्या, काहींवर नाही.